दुसऱ्या सूर्याभोवतीचा गुरू

पावसाळा सरून आकाश धुऊन निघाले, की आश्विन-कार्तिकातील रात्री आपल्या किनारपट्टीवर पूर्वा भाद्रपदा नक्षत्राचे दोन तारे जवळजवळ डोक्यावर येतात. आपल्या वाडवडिलांना हे नक्षत्र पंचांगामुळे परिचयाचे होते. त्या दोन ताऱ्यांना जोडणारी रेषा मनात ओढावी आणि तिच्या मध्यापासून किंचित पश्चिमेकडे नजर न्यावी. गावातील दिवे मालवलेले असतील आणि डोळे तरुण असतील, तर तेथे एक अगदी मंद तारा दिसतो. पाश्चात्त्यांच्या नकाशात त्याला ‘एक्कावन्न पेगासी’ असे रुक्ष नाव आहे. आकाराने, रंगाने आणि तेजाने तो आपल्या सूर्याचा भाऊ शोभावा असा आहे. आपल्यापासून तो सुमारे ५० प्रकाशवर्षे दूर आहे. म्हणजे आज रात्री आपल्या डोळ्यांत शिरणारा त्याचा प्रकाश पन्नास वर्षांपूर्वी तेथून निघालेला असतो. ऑक्टोबर १९९५ मध्ये मिशेल मेयर आणि दिदिए केलो या दोन स्विस खगोलशास्त्रज्ञांनी जाहीर केले, की या ताऱ्याभोवती गुरूच्या जातकुळीचा एक महाकाय ग्रह फिरत आहे. सूर्यासारख्या दुसऱ्या ताऱ्याभोवती ग्रह असल्याचा हा पहिला निर्विवाद पुरावा होता. २०१९ साली त्या दोघांना त्यासाठी नोबेल पारितोषिकाचा बहुमान मिळाला.

एवढी हकिगत पाठ्यपुस्तकांतून आता मुलांना ठाऊक झाली आहे. परंतु या शोधाची जी दीर्घ पूर्वपीठिका आहे, तिचे काही धागे पुण्यातून, सोलापूरच्या जेऊरहून आणि आपल्या विजयदुर्गाहूनही गेलेले आहेत, हे फारसे कोणी सांगत नाही. ते धागे वाचकांपुढे एकत्र ठेवावेत, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. त्यातील एका धाग्याविषयी आपल्या जिल्ह्यात जो गोड गैरसमज रूढ आहे, त्याचीही चर्चा ओघाने करावी लागेल.

प्रश्न जुना, उत्तर अवघड

आपल्या जगासारखी दुसरी जगे असतील काय, हा प्रश्न विज्ञानाच्या जन्माआधीचा आहे. तेराव्या शतकातील काही पंडित ॲरिस्टॉटलच्या आधारे म्हणत, की जग एकच असणे शक्य आहे. १२७७ साली पॅरिसचे बिशप एतिएन ताँपिए यांनी जी २१९ विधाने त्याज्य ठरविली, त्यांत परमेश्वराला अनेक जगे निर्माण करता येणार नाहीत, हेही एक विधान होते. परमेश्वराच्या सामर्थ्याला तत्त्वज्ञाने कुंपण घालू नये, हा त्यामागील विचार. १४४० साली निकोलस ऑफ क्युसा या धर्मपंडितांनी, जे पुढे कार्डिनल झाले, इतर तारेही पृथ्वीसारखे वस्तीचे असू शकतील असे मोकळेपणाने लिहिले. त्याच ख्रिस्तसभेच्या इतिहासात १६०० साली रोममध्ये ज्योर्दानो ब्रुनोला जिवंत जाळण्यात आले, हे पानही आहे. त्याच्यावरील आरोप अनेक होते व त्यांतील बरेच धर्मसिद्धान्तांविषयीचे होते. पण अनंत जगांचा त्याचा दावाही त्यांत होता. २००० साली व्हॅटिकनने त्याच्या मृत्यूविषयी खेद व्यक्त केला. इतिहास लिहिताना ही दोन्ही पाने उघडी ठेवावी लागतात.

प्रश्न जुना असला तरी दुर्बिणी आल्यावरही उत्तर मिळेना. ग्रहाला स्वतःचा दृश्य प्रकाश जवळजवळ नसतो. तो आपल्या सूर्याचा प्रकाश परावर्तित करतो. दुरून पाहिले असता आपला गुरू सूर्याच्या सुमारे अब्जांश तेजाचा दिसेल. वेंगुर्ल्याच्या दीपगृहाच्या काचेवर एक काजवा बसला आहे आणि मुंबईच्या किनाऱ्यावरून कोणी तो पाहू म्हणत आहे, अशी काहीशी ही अवस्था. म्हणून ग्रह प्रत्यक्ष पाहण्याऐवजी त्याची ओढ ओळखावी, असा मार्ग विचारवंतांना सुचला.

ही ओढ समजण्यासाठी आपल्या बायकामुलींची फुगडी आठवावी. सारख्या वजनाच्या दोघी फुगडी घालतात, तेव्हा दोघींचे वर्तुळ सारखेच असते. एक थोराड बाई आणि एक लहानगी मुलगी असेल, तर मुलगी मोठ्या वर्तुळात गरगर फिरते आणि बाई जवळजवळ जागच्या जागी, पण किंचित झुलत फिरते. समजा, अंधारात ती मुलगी आपल्याला दिसत नाही. तरीही बाईच्या झुलण्यावरून तिच्या हातात कोणाचा तरी हात आहे हे आपण ओळखू. सूर्य आणि गुरू यांची फुगडी अशीच चालू आहे. गुरूच्या ओढीने सूर्य सुमारे बारा वर्षांत एक छोटेसे वर्तुळ पुरे करतो आणि त्यातील त्याचा वेग सेकंदाला साडेबारा मीटर, म्हणजे एस.टी.च्या गाडीइतका असतो. दुसऱ्या ताऱ्याचे असे झुलणे टिपले, की त्याचा अदृश्य सोबती सापडला.

पुण्याचे कॅप्टन जेकब

ताऱ्यांच्या जोड्यांचा अभ्यास आपल्या देशात फार पूर्वी सुरू झाला, आणि त्याचा आरंभ एका येशूसंघीय धर्मगुरूने केला. फादर झाँ रिशो हे सयाममध्ये गेलेल्या फ्रेंच येशूसंघीय गणितज्ञांपैकी एक. तेथील राज्यक्रांतीनंतर ते पाँडिचेरीस आले. डिसेंबर १६८९ मध्ये एका धूमकेतूचे वेध घेत असता त्यांच्या दुर्बिणीत नरतुरंग तारकासमूहातील ठळक तारा आला आणि तो एक नसून दोन तारे आहेत, हे त्यांच्या ध्यानात आले. हाच तो ‘मित्र’ तारा. त्याच्याकडे आपल्याला शेवटी परत यावयाचे आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आपल्या भागात आधुनिक ज्योतिषाची पहाट झाली. कंपनी सरकारने १८२६ साली कुलाब्यास वेधशाळा काढली. देवगड तालुक्यातील पोंभुर्ल्याचे सुपुत्र, ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर यांनी एल्फिन्स्टनमध्ये गणित आणि ज्योतिष शिकविले व कुलाब्याच्या वेधशाळेचे कामही पाहिले. याच काळात, १८४२ साली, विल्यम स्टीफन जेकब या बाँबे इंजिनिअर्सच्या अधिकाऱ्याने पुण्यात स्वतःची खासगी वेधशाळा उभारली.

जेकब हे सॉमरसेटमधील एका प्रॉटेस्टंट पाळकाचे पुत्र. जन्म १८१३ चा. सिंधमधील जेकबाबाद ज्यांच्या नावे वसले ते जनरल जॉन जेकब यांचे ते धाकटे बंधू. आपल्या सावंतवाडी संस्थानात १८४५ नंतर काही वर्षे पोलिटिकल सुपरिंटेंडेंट म्हणून कारभार पाहणारे ले ग्रँड जेकब हे याच घराण्यातील चुलतभाऊ. विल्यम जेकब १८३१ साली मुंबईस आले आणि त्रिकोणमितीय सर्वेक्षणाच्या कामाला लागले. पण त्यांचा जीव आकाशात गुंतला होता. फौजी नोकरी सोडून त्यांनी शास्त्राला वाहून घेतले. पुण्यातून त्यांनी २४४ जोडताऱ्यांची सूची तयार केली. वृश्चिक राशीतील एका जोडताऱ्याचा एक घटक स्वतःच दुहेरी असल्याचे १८४७ साली त्यांनी पुण्यातूनच पाहिले. १८४८ च्या डिसेंबरात मद्रासच्या वेधशाळेचे संचालकपद त्यांच्याकडे आले.

भुजंगधारी तारकासमूहात ‘सत्तर ऑफियुकी’ नावाचा जोडतारा आहे. सूर्याहून थोडे लहान असे दोन नारिंगी तारे सुमारे ८८ वर्षांत एकमेकांभोवती एक फेरी पुरी करतात. विल्यम हर्शेल यांच्यापासून अनेकांनी त्यांचे वेध घेतले होते. जेकब यांनी हे वेध एकत्र मांडून पाहिले, तेव्हा गणिताने काढलेली कक्षा आणि प्रत्यक्ष वेध यांचा मेळ बसेना. लहान तारा जेथे असावयास हवा त्याच्या जरा इकडे, जरा तिकडे दिसे आणि ही चूक ठरावीक काळाने फिरून येई. १८५५ साली लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या नियतकालिकात त्यांनी लिहिले, की या लहान ताऱ्याभोवती सुमारे २६ वर्षांत फिरणारा एखादा अदृश्य, ग्रहासारखा पिंड मानला तर हा गोंधळ सुटतो. ग्रह सिद्ध झाला असे ते म्हणाले नाहीत. अशा पिंडाच्या बाजूने काही पुरावा दिसतो, इतकेच त्यांचे म्हणणे होते. दुसऱ्या सूर्यमालेतील ग्रह वेधांच्या आणि गणिताच्या आधारे कोणी शास्त्रीय नियतकालिकात मांडावा, याचे हे अगदी पहिल्या उदाहरणांपैकी एक आहे, आणि ते भारतातून गेले.

हा ग्रह पुढे टिकला नाही. अमेरिकेतील टॉमस सी यांनी १८९०च्या दशकात हाच प्रश्न पुन्हा हाती घेऊन ३६ वर्षांच्या काळाचा एक काळोखा सोबती ठामपणे घोषित केला. १८९९ साली फॉरेस्ट मोल्टन यांनी गणिताने दाखविले, की सी म्हणतात तशी तिघांची रचना टिकूच शकणार नाही; ती लवकरच उधळून जाईल. १९४३ साली आणखी एक दावा झाला, तोही फोल ठरला. बर्नार्डच्या ताऱ्याभोवती पीटर व्हान द काम्प यांना १९६०च्या दशकात दिसलेला महाकाय ग्रहही शेवटी दुर्बिणीतील दोषाचाच परिणाम निघाला. मोजावयाचा कोनच इतका सूक्ष्म होता, की यंत्रातला आणि डोळ्यातला दोष ग्रहाचे सोंग घेऊन उभा राही.

जेकब यांचा शेवट मनाला चटका लावणारा आहे. प्रकृती ढासळल्याने १८५९ साली त्यांनी मद्रास सोडले. परंतु पुण्याजवळच्या डोंगरावर, स्वच्छ हवेत एक वेधशाळा उभारावी, हे स्वप्न त्यांनी सोडले नव्हते. १८६२ साली ब्रिटिश पार्लमेंटने त्यासाठी एक हजार पौंड मंजूर केले. स्वतःच्या पैशाने नऊ इंची दुर्बीण घेऊन ते ८ ऑगस्ट १८६२ रोजी मुंबईस उतरले आणि १६ ऑगस्टला, अवघ्या आठ दिवसांत, पुण्यात मरण पावले. वय पन्नाशीच्याही आत होते. ती वेधशाळा झाली नाही.

विजयदुर्ग आणि जेऊर

झुलणारा तारा कोनाने मोजता येत नसेल तर दुसरी वाट काय, याचे उत्तर वर्णपटाने दिले. सूर्याचा किरण लोलकातून नेला, की सप्तरंगी पट्टा पडतो आणि त्यात बारीक काळ्या रेषा दिसतात. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा ठरलेल्या असतात. १८६० च्या दशकात रोमच्या कॉलेजिओ रोमानो येथील येशूसंघीय फादर आंजेलो सेक्की यांनी हजारो ताऱ्यांचे वर्णपट पाहून त्यांचे वर्ग पाडले. आपला सूर्य, ब्रह्महृदय आणि स्वाती यांना त्यांनी एकाच वर्गात बसविले. ‘सूर्यासारखा तारा’ या शब्दांना नेमका अर्थ आला तो येथून.

१८ ऑगस्ट १८६८ रोजी खग्रास सूर्यग्रहणाची छाया कोकण किनाऱ्यावरून देशावर आणि पुढे मच्छलीपट्टणकडे गेली. गुंटूरला फ्रेंच शास्त्रज्ञ झान्सेन, जमखंडीला लेफ्टनंट जॉन हर्शेल आणि मच्छलीपट्टणला मद्रास वेधशाळेचे नॉर्मन पॉग्सन, म्हणजे जेकब यांच्याच गादीवर बसलेले शास्त्रज्ञ, यांनी सूर्याच्या कडेच्या ज्वालांचे वर्णपट पाहिले. त्याच वर्षी ऑक्टोबरात नॉर्मन लॉकियर यांनी ग्रहणाची वाट न पाहता इंग्लंडमधूनच त्या ज्वालांचा वर्णपट मिळविला. त्यातील पिवळी रेषा पृथ्वीवरील कोणत्याही ज्ञात द्रव्याची नव्हती. तीच हेलियमची रेषा. १८९५ साली रॅम्झे यांनी हेलियम पृथ्वीवर वेगळा करून दाखविला.

आपल्या जिल्ह्यात मात्र सर्रास सांगितले जाते, की लॉकियर साहेबांनी १८६८ साली विजयदुर्ग किल्ल्यावरून हेलियमचा शोध लावला. किल्ल्यावर ‘साहेबाचे ओटे’ दाखवितात आणि १८ ऑगस्टला हेलियम दिनही साजरा होतो. गावाचा अभिमान आम्हांलाही आहे. परंतु १८६८ साली लॉकियर इंग्लंडातच होते. ते विजयदुर्गास आले २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी. ‘मेल्पोमीन’ या युद्धनौकेचे अधिकारी आणि खलाशी त्यांच्या हाताखाली दिले होते. किल्ल्यावर छावणी पडली, यंत्रांसाठी बैठकी बांधल्या गेल्या आणि खलाशांना दिवसेंदिवस तालीम देऊन सूर्य झाकला जाण्याच्या त्या दोनेक मिनिटांत वर्णपटाची छायाचित्रे घेण्यात आली. ही खरी हकिगत आहे आणि ती लहान नाही. गैरसमजाचा आधार काढून घेतला म्हणून विजयदुर्गाचा मान उणा होत नाही.

त्याच दिवशी तीच छाया सोलापूर जिल्ह्यातील जेऊरवरून गेली. तेथे पुण्याचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला आपली यंत्रे घेऊन उतरले होते. पुण्याच्या सायन्स कॉलेजात १८८८ साली भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून जी महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा निघाली, तिचे ते प्रमुख. तेथील वीस इंची दुर्बीण आपल्या देशात त्या काळी सर्वांत मोठी होती. १९१२ साली वेधशाळा बंद झाल्यावर ती कोडाईकनालला गेली. नायगमवालांच्या शेजारीच अमेरिकेतील लिक वेधशाळेच्या विल्यम वॉलेस कॅम्बेल यांचा तळ पडला होता.

कॅम्बेल यांचे नाव येथे मुद्दाम घेतले आहे. त्यांच्या आयुष्यभराचे कार्य ग्रहणांचे नव्हते. ताऱ्यांचा वेग वर्णपटावरून मोजणे, हे होते. कोकण रेल्वेची गाडी शिट्टी देत कणकवली स्थानकाकडे येते तेव्हा तिचा स्वर चढा लागतो आणि स्थानक सोडून जाऊ लागताच उतरतो. प्रकाशाचेही तसेच आहे. तारा आपल्याकडे येत असेल तर वर्णपटातील रेषा जांभळ्या बाजूला आणि दूर जात असेल तर तांबड्या बाजूला किंचित सरकतात. कॅम्बेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अडीच हजारांहून अधिक ताऱ्यांचे वेग अशा रीतीने मोजून १९२८ साली प्रसिद्ध केले. जेकब यांना जे झुलणे आकाशाच्या पटावर आडवे मोजता आले नाही, ते आता रेषांच्या मागेपुढे सरकण्यातून मोजण्याची वाट तयार झाली.

अपेक्षेबाहेरचा ग्रह

वाट झाली तरी चालणारे थोडे होते. १९५२ साली ऑटो स्ट्रूव्ह यांनी सुचविले, की एखादा महाकाय ग्रह आपल्या ताऱ्याच्या अगदी निकट, एकदोन दिवसांत फेरी मारत असेल, तर त्याची ओढ वर्णपटात सहज दिसेल. तेव्हा शोधून पाहावे. कोणी फार मनावर घेतले नाही. कारण आपल्या सूर्यमालेत गुरू आणि शनी सूर्यापासून दूर, थंडीत राहतात. तेव्हा सर्वत्र तसेच असणार, ही विद्वानांची पक्की धारणा होती. कॅनडातील एका तुकडीने बारा वर्षे एकवीस ताऱ्यांचे वेग काटेकोर मोजले आणि १९९५ साली हाती काही न लागल्याचे प्रामाणिकपणे कळविले.

त्याच वर्षी फ्रान्सच्या दक्षिण भागातील ओत-प्रोव्हाँस वेधशाळेत मेयर आणि केलो यांच्या यंत्राने एक्कावन्न पेगासीच्या रेषा सरकताना टिपल्या. तारा सेकंदाला पन्नासहून अधिक मीटर वेगाने एकदा आपल्याकडे आणि एकदा मागे झुलत होता, आणि हे चक्र ४.२३ दिवसांत पुरे होत होते. गणित सांगत होते, की सोबत्याचे वस्तुमान गुरूच्या निम्म्याच्या आसपास आहे आणि तो आपल्या ताऱ्यापासून पृथ्वी-सूर्य अंतराच्या केवळ विसाव्या भागावर आहे. तेथे एक ‘वर्ष’ सव्वाचार दिवसांचे आणि तापमान हजार अंशांच्या घरात. पहिल्यांदा त्यांचा स्वतःचाच विश्वास बसेना. तारा आकाशात पुन्हा सोयीच्या जागी येईपर्यंत थांबून त्यांनी पुन्हा वेध घेतले आणि मगच तोंड उघडले. घोषणेनंतर काही दिवसांतच अमेरिकेतील जेफ्री मार्सी आणि पॉल बटलर यांनी स्वतंत्र वेधांनी शोध खरा ठरविला, तो कॅम्बेल यांच्याच लिक वेधशाळेतून.

असा ग्रह एवढ्या उष्णतेत घडू शकत नाही. तो दूर, बर्फ आणि वायू मुबलक असलेल्या प्रदेशात जन्मला आणि जन्मकाळच्या वायूच्या चकतीशी किंवा भावंडांशी झालेल्या ओढाताणीत आत सरकला, असे आता मानतात. १९९९ साली दुसरा पुरावा मिळाला. त्याच महाश्व तारकासमूहातील आणखी एका सूर्यसदृश ताऱ्यापुढून त्याचा महाकाय ग्रह दर साडेतीन दिवसांनी आडवा जातो आणि ताऱ्याचे तेज शेकडा दीडने उतरते, हे दिसून आले. वेग आणि तेज असे दोन वेगवेगळे साक्षीदार एकच गोष्ट सांगू लागले आणि शंकेला जागा उरली नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये नासाच्या सूचीतील अशा परग्रहांची संख्या ६,००० वर गेली.

आपल्या देशातील दोन नावे

आपला देशही या कामात आता प्रेक्षक राहिलेला नाही. अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेची वेधशाळा अबूच्या पहाडावर, गुरुशिखरावर आहे. तेथे अभिजित चक्रवर्ती यांच्या तुकडीने ‘पारस’ नावाचे वर्णपटयंत्र बसविले. त्याच्या साहाय्याने २०१८ साली सुमारे ६०० प्रकाशवर्षांवरील एका सूर्यासारख्या ताऱ्याभोवती साडेएकोणीस दिवसांत फिरणारा, पृथ्वीच्या २७ पट वजनाचा ग्रह सिद्ध झाला. २०२१ साली त्यांनी खराखुरा महाकाय ग्रह जाहीर केला. तो वस्तुमानाने गुरूच्या सात-दशांश, आकाराने गुरूहून मोठा आणि सव्वातीन दिवसांत फेरी पुरी करणारा आहे.

दुसरी गोष्ट नावाची. २०१९ साली आंतरराष्ट्रीय खगोल संघाने प्रत्येक देशाला एक तारा आणि त्याचा ग्रह यांचे नाव ठेवण्याचा मान दिला. भारताच्या वाट्याला सिंह राशीच्या दक्षिणेकडील, सुमारे ३४० प्रकाशवर्षांवरचा एक सूर्यसदृश तारा आला. त्याच्याभोवती गुरूच्या दीडपट वस्तुमानाचा ग्रह अवघ्या दोन दिवसांहून थोड्या अधिक काळात फिरतो. लोकांच्या मतांनी ताऱ्याचे नाव ‘बिभा’ आणि ग्रहाचे नाव ‘संतमस’ ठरले. ‘संतमस’ हा संस्कृत शब्द, म्हणजे दाटून आलेला काळोख. तो सुचविला पुण्यातील एका शाळकरी विद्यार्थ्याने. ‘बिभा’ म्हणजे प्रकाशाची तिरीप, आणि ते नाव बिभा चौधुरी (१९१३–१९९१) यांच्या स्मरणार्थ आहे. विश्वकिरणांच्या अभ्यासात आयुष्य वेचलेल्या या विदुषीला होमी भाभांनी १९४९ साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घेतले. त्या संस्थेतील त्या पहिल्या स्त्री-संशोधक. हयातीत त्यांच्या वाट्याला कोणताही मोठा सन्मान आला नाही. आज त्यांच्या नावाचा एक सूर्य आहे.

काय हाती लागले?

आमच्या धर्मग्रामातील मोठ्या वर्गांतील मुले धर्मशिक्षणाच्या तासाला हटकून विचारतात, की तेथे माणसे असतील तर आपल्या श्रद्धेचे काय? पालकही अस्वस्थ होतात. प्रथम इतके स्पष्ट असू द्यावे, की येथे वर्णिलेल्या महाकाय ग्रहांवर पाय ठेवण्यास जमीनच नाही. ते वायूचे धगधगते गोळे आहेत. दुसरे असे, की हा प्रश्न विचारणे पाखंड नाही. १२७७ सालच्या त्या बिशपांनी परमेश्वराच्या सृष्टीला ‘इतकीच’ म्हणू नका असे बजावले होते. आपली श्रद्धा एखाद्या ग्रहाच्या असण्या-नसण्यावर टांगलेली नाही, आणि म्हणूनच तो ग्रह आहे की नाही हे मोकळ्या मनाने तपासता येते.

परंतु आमच्या मते या इतिहासातील खरा धडा सत्याशी वागण्याच्या रीतीचा आहे. जेकब यांचा ग्रह नव्हता. पण आपल्याजवळ पुरावा किती आहे हे त्यांनी पुराव्यापेक्षा मोठ्या आवाजात सांगितले नाही. म्हणून त्यांचे नाव आज आदराने घेतले जाते. सी यांनी आवाज चढविला आणि ते उघडे पडले. मेयर आणि केलो थांबले, पुन्हा मोजले, मग बोलले. विजयदुर्गाच्या बाबतीतही आपण हेच करावे. १८६८ चे खोटे श्रेय सोडून १८९८ ची खरी हकिगत किल्ल्यावर येणाऱ्या शाळकरी मुलांना सांगावी. ज्या मुलाला उद्या कळेल की आपल्याला सांगितलेली एक अभिमानाची गोष्ट खरी नव्हती, तो आपल्या इतर गोष्टींवरही शंका घेईल. धर्मशिक्षण देणाऱ्यांनी तर हे विशेष ध्यानात धरावे.

आता फादर रिशो यांच्या ताऱ्याकडे वळू. ‘मित्र’ जोडीतील मोठा तारा वर्णाने व वर्गाने थेट आपल्या सूर्यासारखा आणि केवळ सव्वाचार प्रकाशवर्षांवर आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये जेम्स वेब दुर्बिणीने त्याचे तेज झाकून शेजारी पाहिले असता शनीएवढ्या वस्तुमानाच्या एका महाकाय ग्रहाची शक्यता सांगणारा मंद ठिपका आढळला. ऑगस्ट २०२५ मध्ये तो जाहीर झाला. मात्र २०२५ च्या आरंभी पुन्हा पाहिले तेव्हा तो दिसला नाही. ग्रह फिरत फिरत ताऱ्याच्या फार जवळ आला असेल, किंवा तो नसेलही. शोध घेणाऱ्यांनी त्याला ‘संभाव्य’ एवढेच म्हटले आहे आणि निर्णय पुढील वेधांवर सोडला आहे. जेकब यांच्या शब्दांतील संयम येथे पुन्हा ऐकू येतो.

हा तारा पाहण्यास दुर्बीण लागत नाही. मे महिन्याच्या मध्यावर, रात्री अकराच्या सुमारास, मालवणच्या किंवा वेंगुर्ल्याच्या पुळणीवर मुलांना घेऊन दक्षिणेकडे तोंड करून उभे राहावे. क्षितिजापासून हात लांब करून धरलेल्या सव्वा मुठीएवढ्या उंचीवर दोन ठळक तारे शेजारी शेजारी दिसतात. त्यांतील डावीकडचा, अधिक तेजस्वी, तो ‘मित्र’. युरोपातील बहुतेकांना तो कधीच दिसत नाही. आपल्याला घराबाहेर पडले की दिसतो.